निदान चव्हाट्यावर: 2020 मधलं ‘बायपोलर’ प्रकरण

3 ऑगस्ट 2020 ला मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त परमबीर सिंह पत्रकारांसमोर आले. अभिनेता सुशांत सिंह राजपूत याला बायपोलर डिसऑर्डर (अतिउत्साहाचे आणि उदासीचे टप्पे येणारा मानसिक आजार) होता, त्यावर उपचार चालू होते आणि तो औषधं घेत होता, असं त्यांनी सांगितलं. मृत्यूपूर्वी त्याने गूगलवर स्वतःचं नाव शोधलं होतं, बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया हे शब्दही शोधले होते, असंही ते म्हणाले. तोवर 56 जणांचे जबाब नोंदवून झाले होते. मृत्यू कोणत्या परिस्थितीत झाला याचा तपास अजून चालू आहे, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं. पण तपासाचं ते वाक्य मागे पडलं आणि बायपोलर हा शब्द तेवढा पुढे गेला. पुढचे दोन-अडीच महिने तो ट्विटर, फेसबुक, यूट्यूबवर आणि सोसायट्यांच्या, शाळेच्या बॅचच्या, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्याच्या-त्याच्या तोंडी होता.

मानसिक आजारांची नावं सोशल मीडियावर कशी वापरली जातात याबद्दल बोलताना साधारणपणे हलकीफुलकी उदाहरणं दिली जातात. कपाट नीट लावणारी म्हणते मला ओसीडी आहे, पाऊस-ऊन खेळ चालला की हवामान बायपोलर झालं, परीक्षेचा आठवडा आला की सगळे डिप्रेशनमध्ये. तीही वापरायला नकोत, हे मान्य. पण या शब्दांचं खरं नुकसान कुठे होतं ते पाहायचं तर 2020 चं हे प्रकरण तपासायला हवं. मी ते त्या वेळीही बारकाईने पाहत होते आणि नंतर कायदा, निकाल, अहवाल हाती आले तसं पुन्हा पुन्हा वाचत राहिले. त्याला नेमका कोणता आजार होता किंवा नव्हता, याचा निवाडा मी करणार नाही. ते काम त्याला तपासलेल्या डॉक्टरांचं होतं. मला सांगायचंय ते एवढंच: या प्रकरणात समोरासमोर उभे राहिलेले दोन्ही गट एकमेकांना खोटं पाडण्यात गुंतले होते, पण एका बाबतीत त्यांचं पूर्ण एकमत होतं. मानसिक आजाराचं निदान म्हणजे माणसाच्या नावावरचा डाग, हे दोघांनीही धरूनच चाललं होतं.

जूनमधला पहिला आठवडा

14 जून 2020, रविवार. लॉकडाऊनचा तिसरा महिना होता. 34 वर्षांच्या सुशांतचा वांद्र्याच्या राहत्या घरी मृत्यू झाल्याची बातमी दुपारी आली. पाठोपाठ घरातले फोटोही फिरू लागले. महाराष्ट्र सायबरला, म्हणजे राज्याच्या सायबर पोलीस विभागाला, जाहीर इशारा द्यावा लागला की मृतदेहाची छायाचित्रं पसरवणं थांबवा, असलेली काढून टाका, नाहीतर कारवाई होईल.

त्या पहिल्या आठवड्यात डिप्रेशन हा शब्द सहानुभूतीने वापरला जात होता. ‘बोला, मोकळे व्हा, माझं दार उघडं आहे’ अशा पोस्टी ओळखी-अनोळखी प्रत्येकाने टाकल्या. त्यामागची कळकळ खोटी नव्हती. पण त्या पोस्टींमध्येही एक चूक होतीच. एका माणसाच्या मृत्यूचं कारण एका शब्दात सांगून सगळे मोकळे झाले होते आणि पोस्टमॉर्टेमचा सविस्तर अहवालही तोवर आला नव्हता. आत्महत्येला सहसा एकच एक कारण नसतं. आजार असतो, त्यात आर्थिक ताण, नात्यांतले तडे, व्यसन, जुने आघात, एकटेपणा मिसळतो. जागतिक आरोग्य संघटनेची माध्यमांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात, आणि भारतीय प्रेस कौन्सिलने त्यांच्याच आधाराने सप्टेंबर 2019 मध्ये, म्हणजे या घटनेच्या नऊ महिने आधी, आपली तत्त्वं जाहीर केली होती. ठळक मथळा नको, कारण सोपं करून सांगू नका, जागेचं वर्णन नको, उपचार घेणाऱ्या माणसाची माहिती आणि फोटो छापू नका. सगळं लिहून ठेवलेलं होतं. या घटनेच्या ऑनलाइन बातम्या तपासून भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच वर्षी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बहुतेक बातम्यांनी किमान एक तरी सूचना मोडल्याचं आढळलं.

याच काळात दीपिका पदुकोणने डिप्रेशन हा आजार आहे, हे पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या पोस्टी टाकल्या. स्वतःच्या आजाराबद्दल ती 2015 मध्येच उघडपणे बोलली होती. पण दोन-तीन महिन्यांत वारं फिरलं आणि तिच्याच ओळींची नक्कल करून तिची टिंगल सुरू झाली. त्या टिंगलीचा रोख ‘डिप्रेशन वगैरे काही नसतं, हे खऱ्या गोष्टीवर पांघरूण घालायला काढलेलं आहे’ असा होता.

हसरा फोटो, म्हणजे पुरावा

हे वारं फिरलं कसं, हे समजून घ्यायला एक अभ्यास उपयोगी पडतो. मिशिगन विद्यापीठातल्या जोयोजीत पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्येच या प्रकरणातले ट्वीट, यूट्यूब व्हिडिओ वगैरे तपासले. ‘आत्महत्या’कडून ‘खून’ या शब्दाकडे चर्चा वळवण्यात राजकारण्यांच्या खात्यांचा मोठा वाटा होता, असं त्यांना दिसलं. एकदा खून ठरवला की आजार आड येतो. मग आजार नव्हताच, हे दाखवावं लागतं.

ते दाखवण्यासाठी त्याचे हसतानाचे, नाचतानाचे, मुलांशी खेळतानाचे व्हिडिओ फिरवले गेले. ‘हा माणूस डिप्रेशनमध्ये असेल असं वाटतं का?’ हा प्रश्न त्यांच्याखाली ठरलेला. सगळ्यात जास्त वापर झाला तो त्याच्या पन्नास स्वप्नांच्या यादीचा. सप्टेंबर 2019 मध्ये त्याने स्वतःच्या अक्षरातली पानं पोस्ट केली होती. विमान चालवायला शिकायचं, आयर्नमॅन ट्रायथलॉनची तयारी करायची, डाव्या हाताने क्रिकेटचा सामना खेळायचा, मोर्स कोड शिकायचा, मुलांना अवकाशाबद्दल शिकायला मदत करायची, हजार झाडं लावायची. वाचताना जीव हळहळतो. ‘ज्याला एवढं जगायचं होतं तो असं का करेल?’ हा प्रश्न भाबडेपणाने विचारणारेही खूप होते, त्यांना मी दोष देत नाही.

पण या यादीशी जरा थांबू या, कारण घरबसल्या केलेलं निदान किती पोकळ असतं ते इथे उघड दिसतं. एका गटाला ही यादी आजार नसल्याचा पुरावा वाटली. बायपोलरबद्दल इंटरनेटवर दोन पानं वाचलेला दुसरा कुणी नेमकी हीच यादी उलट बाजूने वापरू शकतो: भव्य कल्पना, एकाच वेळी पन्नास योजना, म्हणजे मेनिया, अतिउत्साहाचा टप्पा! दोन्ही अर्थ तितकेच सोपे आणि तितकेच निराधार. उत्साही, हुशार, अवकाशाचं वेड असलेला तरुण अशी यादी कोणत्याही निवांत रविवारी करू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ कागदावरून निदान करत नाहीत. झोप किती तास झाली, ती कमी होऊनही थकवा नव्हता का, खर्च, बोलण्याचा वेग, चिडचिड, निर्णय यांत फरक कधीपासून पडला, तो किती दिवस टिकला, घरच्यांना काय दिसलं, आधी असं झालं होतं का, कुटुंबात कुणाला होतं का, थायरॉइड किंवा एखाद्या पदार्थाच्या सेवनामुळे असं होत नाही ना, हे सगळं विचारून, बऱ्याचदा अनेक भेटींनंतर ते एका मताला येतात. आणि ते मतही पुढे बदलू शकतं.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ऑगस्टमध्ये ‘आधी डिप्रेशन म्हणत होते, आता बायपोलर म्हणतायत, म्हणजे गोष्ट रचली जातेय’ असा युक्तिवाद जोरात होता. ज्याला या आजाराची ओळख आहे त्याला यात रचलेलं काही दिसणार नाही. बायपोलरचे बरेच रुग्ण पहिल्यांदा डॉक्टरकडे जातात ते उदासीच्या टप्प्यात. उत्साहाच्या टप्प्यात कुणाला वाटतं की आपण आजारी आहोत? त्यामुळे सुरुवातीला डिप्रेशनचं निदान होणं आणि कधी कधी कित्येक वर्षांनी ते बायपोलर असं बदलणं, हा या आजाराचा नेहमीचा प्रवास आहे. तो बदल फार महत्त्वाचाही असतो, कारण बायपोलर असलेल्याला नुसती डिप्रेशनवरची गोळी दिली तर काही वेळा उत्साहाचा झटका उसळू शकतो. डॉक्टरांनी निदान बदललं की रुग्णाचा फायदा होतो. इथे तो बदल कटाचा पुरावा म्हणून मांडला गेला.

गूगलवर शोधलेल्या शब्दांचंही तसंच. डॉक्टरांनी एखाद्या आजाराचं नाव घेतलं की माणूस घरी येऊन पहिलं काम काय करतो? ते नाव शोधतो. मधुमेहाचं निदान झालेला शोधतो, थायरॉइडचं झालेली शोधते. त्यात अनैसर्गिक काही नाही. पण टीव्हीच्या पट्टीवर तो शोध एकाला वेडाची कबुली वाटला आणि दुसऱ्याला पोलिसांनी पेरलेला बनाव.

दोन गट, एक समजूत

ऑगस्टच्या सुरुवातीला दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी पुढे आल्या. 25 जुलैला सुशांतच्या वडिलांनी पाटण्यात फिर्याद दिली होती. 2019 पूर्वी मुलाला कोणताही मानसिक त्रास नव्हता, असं तीत म्हटलं होतं. त्याची वैद्यकीय कागदपत्रं माध्यमांना देऊन त्याला वेडा ठरवण्याची धमकी दिली गेली, असाही एक आरोप होता. दुसरीकडे 1 ऑगस्टच्या सुमारास त्याच्यावर उपचार केलेल्या एका थेरपिस्टने पत्रकाराला निवेदन देऊन बायपोलरचं निदान जाहीर केलं. दोनच दिवसांनी आयुक्तांची पत्रकार परिषद झाली.

वडिलांच्या फिर्यादीतला तो आरोप तपासात टिकला नाही. पण मुलगा गमावलेल्या बापाला ‘कागदपत्रं बाहेर काढू’ ही भीती खरी वाटू शकली, हे मला फार बोलकं वाटतं. मधुमेहाची फाइल बाहेर काढीन, अशी धमकी कुणी कुणाला देईल का? मानसोपचाराची फाइल शस्त्रासारखी वापरता येते, हे आपल्या समाजात सगळ्यांना न सांगता कळतं.

सोशल मीडियावर मग दोन फळ्या पडल्या. एकीचं म्हणणं असं की तो बायपोलर होता, मूडी होता, सांभाळायला अवघड होता, म्हणून हे घडलं, विषय संपला. दुसरीचं म्हणणं असं की आमच्या लाडक्या, हुशार, भौतिकशास्त्र वाचणाऱ्या मुलाला मरणानंतर बायपोलर म्हणून बदनाम केलं जातंय. पहिल्या फळीने आजाराला स्वभावदोष केलं आणि त्यातून मृत्यू अटळच होता असं सुचवलं. दुसरीने आजाराला शिवी केलं. बायपोलर असलेला माणूस हुशार, लाडका, कष्टाळू आणि स्वप्नाळू असू शकतो, आणि तरीही त्याच्या मृत्यूचा नीट तपास व्हायला हवा, असं म्हणणारे आवाज होते. काही मानसोपचारतज्ज्ञ ते जीव तोडून सांगत होते. पण अशा पोस्टी दोन्हीकडच्यांना नकोशा होत्या, कारण त्या कुणाच्याच बाजूने पुरावा म्हणून उपयोगी नव्हत्या.

त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिला या काळात जे सोसावं लागलं त्यातही हाच धागा आहे. आजारी माणसाच्या औषधांच्या वेळा सांभाळणारी, डॉक्टरकडे नेणारी व्यक्ती कोणत्याही घरात असते तशी ती होती की नव्हती, हे तपासाने ठरवायचं. पण ‘तिने त्याला औषधं दिली’ हे वाक्य ‘तिने त्याला विष दिलं’ अशा सुरात फिरलं. विषकन्या, काळी जादू, हे शब्द आले. वाहिन्यांवर गोळ्यांची नावं झळकली आणि मानसोपचारातली रोजची औषधं गुन्ह्याच्या मुद्देमालासारखी दाखवली गेली. सप्टेंबरमध्ये तिला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली तेव्हा तर डॉक्टरने लिहून दिलेलं औषध आणि बेकायदा अमली पदार्थ यांतली रेघ पडद्यावर पार पुसली गेली. इंग्रजीत दोन्हींना ‘ड्रग’ हा एकच शब्द चालतो, त्याने भर घातली.

आमच्या घरातली एक दुपार

माझी धाकटी मावशी डोंबिवलीला राहते. बरीच वर्षं ती लिथियमवर आहे. लिथियम हे बायपोलरवरचं जुनं, भरवशाचं औषध. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरने 1949 मध्ये त्याचा मेनियावरचा उपयोग दाखवला. आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांत ते मोडतं. पण त्याची मात्रा सांभाळावी लागते. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 च्या आसपास ठेवतात. कमी झाली तर उपयोग नाही, फार वाढली तर विषबाधा. त्यामुळे ठराविक काळाने रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त द्यायचं, शिवाय किडनी आणि थायरॉइड तपासायचं. मावशी हे सगळं इतकी वर्षं बिनबोभाट करत आली. बँकेतली नोकरी केली, निवृत्त झाली, भिशी चालवते.

त्या ऑगस्टमध्ये लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन जाणार होता. सकाळी मी फोन केला तर म्हणाली, “आज नको म्हणून सांगितलंय त्याला.”

“का गं मावशी? मागच्या महिन्यातही राहिलीये ना?”

“रिपोर्टवर लिथियम छापून येतं. तो पोरगा खाली वॉचमनपाशी पाकीट ठेवून जातो. आता सगळ्यांना माहीत झालंय लिथियम कशाचं ते.”

“मग कळलं तर कळलं. त्यात काय एवढं?”

“तुला काय जातंय बोलायला? काल आपल्याच ग्रुपवर दादाने काय टाकलंय ते वाचलंस का?”

वाचलं होतं. मोठ्या मामाने ‘बायपोलर माणूस ओळखण्याची सात लक्षणं’ नावाचा फॉरवर्ड टाकला होता. त्याच्याखाली कुणी हसण्याचे इमोजी टाकले होते, कुणी ‘आमचे साहेब असेच आहेत’ लिहिलं होतं. मामाला मावशीचा आजार माहीत आहे, औषधांचा खर्च एके काळी त्यानेच केलाय. त्याच्या मनातसुद्धा आलं नाही की ग्रुपवर ते वाचणारी आपली बहीण आहे. टीव्हीवरचं बायपोलर आणि घरातलं बायपोलर त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. घरातल्याला तो ‘तिचा त्रास’ म्हणतो.

मी मामाला फोन केला. त्याने पोस्ट काढली, मावशीला फोन केला, बराच वेळ बोलले दोघं. रिपोर्ट ईमेलवर मागवायची सोय झाली आणि पुढच्या आठवड्यात तिने रक्त दिलं. पातळी ठीक होती. पण माझ्या डोक्यातून एक विचार जात नाही: ज्यांच्या घरी विचारायला कुणी नव्हतं, अशा किती जणांनी त्या महिन्यांत तपासणी टाळली, गोळी बंद केली किंवा पहिल्यांदा डॉक्टरकडे जायचं रद्द केलं, याची मोजदाद कोणी केलेली नाही. बायपोलर असलेले आपल्याकडे मुळातच डॉक्टरपर्यंत पोचत नाहीत. निम्हान्स या बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत (त्यांत महाराष्ट्र नव्हता) केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के उपचाराविना असल्याचं दिसलं होतं.

मामाच्या फॉरवर्डमधलं पहिलं लक्षण होतं ‘मिनिटात हसतो, मिनिटात रडतो’. सोशल मीडियावरचं बायपोलर ते हेच. प्रत्यक्षात या आजाराचे टप्पे मिनिटांत मोजत नाहीत. मेनिया म्हणायला साधारण आठवडाभर, सौम्य प्रकाराला किमान चार दिवस आणि उदासीच्या टप्प्याला दोन आठवडे असा निकष असतो, आणि टप्प्यांच्या मधल्या काळात, जो महिने किंवा वर्षं टिकू शकतो, माणूस चारचौघांसारखा असतो. मावशीला शेवटचा मोठा झटका येऊन गेल्याला तप उलटलं असेल. चिडका साहेब किंवा रुसणारी मैत्रीण यांना बायपोलर म्हणणाऱ्यांना हे माहीतच नसतं, आणि ज्याला खरोखर आहे त्याच्या घरच्यांनाही मग वाटत राहतं की ‘आपला तर महिनोन् महिने बरा असतो, म्हणजे तसलं काही नसेल’. चुकीच्या शब्दामुळे खरा रुग्ण ओळखूच येत नाही, तो असा.

कायदा काय सांगत होता

यातलं बरंचसं रोखता येण्यासारखं होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये संमत झाला आणि 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 मध्ये सांगितलंय की उपचाराच्या किंवा कायद्यात सांगितलेल्या कामाखेरीज कोणत्याही व्यक्तीने वा अधिकाऱ्याने कुणालाही मानसिक आजारी म्हणून वर्गीकृत करू नये. निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच व्हावं; समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक चौकटीत माणूस बसत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. मला हे कलम प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावावंसं वाटतं.

कलम 23 रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देतं आणि उपचार करणाऱ्यांवर ती जबाबदारी टाकतं. न्यायालयाचा आदेश, कुणाच्या जिवाला धोका, अशा मोजक्याच प्रसंगी अपवाद आहेत. वर्तमानपत्रातली चर्चा थांबवणं हा त्या अपवादांत नाही. थेरपिस्टने निवेदन दिलं ते अफवा पाहून राहवलं नाही म्हणून, असं गृहीत धरलं तरी त्याचा परिणाम वाईट झाला. आपण बंद दाराआड बोललेलं आपल्यामागे टीव्हीवर येऊ शकतं, हे देशभरच्या रुग्णांनी पाहिलं. पोलिसांना जबाब देणं ही वेगळी गोष्ट. तिथे डॉक्टरला बोलावं लागतं. पण पोलिसांपुढचे जबाब आणि औषधांचे तपशील वाहिन्यांपर्यंत कसे पोचले, याचं उत्तर रुग्णांना मिळायला हवं होतं.

कलम 24 माध्यमांसाठी आहे: उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये. त्यात एक फट आहे. कलमातले शब्द मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्याबद्दल बोलतात, आणि अशी संस्था म्हणजे जिथे रुग्णाला दाखल करून ठेवतात ती, अशी कायद्याची व्याख्या आहे. दवाखान्यात जाऊन तासाभरात घरी येणाऱ्यांचं काय, आणि मृत्यूनंतर काय, हे त्यात उलगडून लिहिलेलं नाही. कायदा करताना मनोरुग्णालयाची भिंत डोळ्यासमोर होती. आज निम्म्याहून जास्त गोष्टी फोनवर घडतात.

मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 ला या प्रकरणातल्या वार्तांकनावर निकाल दिला. याचिकाकर्त्यांत महाराष्ट्राचे काही निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारीही होते. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने माध्यमांनी काय टाळावं ते सांगितलं, आणि त्यात पहिल्याच मुद्द्यांत हे आहे: आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्ती कमकुवत चारित्र्याची होती असं चित्र उभं करू नये, तिच्या खासगीपणात घुसू नये. त्याआधी, ऑक्टोबर 2020 मध्ये, वृत्तवाहिन्यांच्या स्वतःच्या नियामक मंडळाने सुशांतच्या नावावर खोटी ट्वीट दाखवल्याबद्दल एका हिंदी वाहिनीला 1 लाख रुपये दंड करून माफी मागायला लावलं होतं. दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या, पण दोन्ही वाहिन्यांसाठी. ज्यांनी तेच शब्द व्हॉट्सॲपवर फिरवले त्या आपल्यासारख्यांपर्यंत निकालातलं एक वाक्यही पोचलं नाही.

पुढे काय झालं

एम्सच्या न्यायवैद्यक पथकाने ऑक्टोबर 2020 मध्ये खुनाची शक्यता फेटाळली. सीबीआयने मार्च 2025 मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दाखल केला. त्या दिवशी पुन्हा ट्रेंड आले, कोण सुटलं, कोणाची माफी मागायची यावर भांडणं झाली. रियाची माफी मागायला हवी असं बऱ्याच जणांनी लिहिलं, आणि ते योग्यच होतं. बायपोलर, डिप्रेशन, स्किझोफ्रेनिया या शब्दांचं जे केलं होतं त्याबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. ज्या वर्षी हे सगळं चाललं त्या 2020 मध्ये, एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकडेवारीनुसार, एकट्या महाराष्ट्रात 19,909 जणांनी आत्महत्या केली. देशात सगळ्यांत जास्त. त्यातल्या इतर कुणाच्या आजाराबद्दल, औषध परवडत होतं का याबद्दल, तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ होता का याबद्दल आपण तेव्हा बोललो नाही. त्याच सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने ‘किरण’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू केली. तिची बातमी त्या गदारोळात किती जणांनी पाहिली असेल? आता टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, आणि फोन करायला निदान झालेलं असावं लागत नाही.

त्या वेळच्या चित्रफिती, गोळ्यांच्या नावांसकट, आजही यूट्यूबवर पाहायला मिळतात. त्या काढायला लावणारं कुणी नाही. पण हयात असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मार्ग आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मोठ्या सोशल मीडिया कंपनीला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो, दुसऱ्याच्या खासगीपणावर घाला घालणारा मजकूर त्या नियमांत निषिद्ध आहे, आणि तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते. तुमचं किंवा घरच्यांचं निदान, रिपोर्ट, औषधाची चिठ्ठी कुणी परवानगीशिवाय टाकली असेल तर स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख जपून ठेवा, तक्रारीत मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 चा उल्लेख करा आणि मजकूर काढायला सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर असेल तर आधी ॲडमिनला फोन करा. बहुतेक वेळा ॲडमिन नात्यातलाच असतो आणि एका फोनवर काम होतं.